पेटीची हाक

३ मार्च

भिंगरीस,

दादाचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. वर्कशॉपवरून करून पाहिला, आईच्या फोनवरून करून पाहिला, शेजारच्या शिंप्याच्या फोनवरूनही पाहिला. शेवटी पत्र लिहायला बसलो. शाळा सुटल्यापासून पहिलंच पत्र असेल, अक्षराला हसू नकोस.

आई बरी आहे. गुडघे बसले आहेत, पण तोंड अजून चालतं. तुझी आठवण काढते. झालं गेलं ते झालं. भावंडांनी असं किती दिवस तोंड फिरवून बसायचं? माझे पुढचे केस पार गेले, ओळखायची नाहीस.

एक बारीकसं काम होतं. डेअरीतल्या आपल्या पेट्या तुला आठवत असतीलच. दुधाच्या टाक्यांचं तापमान बघून मोडेममधून ऑफिसला कळवणाऱ्या. ऑफिसातलं ऐकणारं यंत्र गेल्या महिन्यात जळलं. साहेबांनी नवं यंत्र बाहेरच्या एका कंपनीकडून घेतलं, आणि त्या कंपनीचं मला रीतसर पत्र आलंय की तुमच्या पेट्या तारेवर कुठल्या वेगाने बोलतात ते लेखी कळवा. बॉड रेट की काय तो. खाली कोणा बाईची सही आहे, वाचता येत नाही, पण भाषा मोठी कडक आहे. मुदतीत कळवलं नाही तर पेट्याच बदलणार म्हणे. डेअरी गेली तर वर्कशॉपमध्ये बसून माशा माराव्या लागतील.

मी तीनशे, सहाशे, बाराशे, संगणकात जेवढे वेग आहेत तेवढे सगळे लावून पाहिले. पडद्यावर नुसता कचरा येतो. कंस काय, प्रश्नचिन्हं काय, चौकोन काय. तुला तर हे तोंडपाठ असणार. दोन ओळी टाकल्यास तरी भागेल.

तुझा,
दादा


९ मार्च

दादा,

भिंगरी म्हणू नकोस. ते नाव बाबांनी ठेवलेलं, आणि ते त्या घरात राहिलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात आईचे गुडघे आहेत, तुझे केस आहेत, शिंप्याचा फोन आहे. फळवाल्या काकांचं कोल्ड स्टोरेज नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय काही गेली नाही.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. वीज गेली, परत आली. आपली पेटी बोलत राहिली आणि काकांच्या ऑफिसातल्या यंत्राला त्यातलं अक्षर कळेना. आत गरम होत गेलं ते कोणाला समजलं नाही. दार उघडलं तेव्हा सडलेल्या सफरचंदांचा वास रस्त्यापर्यंत आला. त्या दारात उभं राहून, काकांसमोर, हमालांसमोर, माझ्यासमोर तू म्हणालास, "पेटी बहिणीने तपासली होती. हाक घालायला तीच विसरली." मी नाही नाही म्हणत होते. मी ती पेटी उघडून बघेन म्हणाले, तर तू ती तोडून भंगारात देऊन मोकळा झालास. त्यानंतर आपल्या शहरात मला कोणी स्क्रू पिळायलासुद्धा बोलावलं नाही. आणि आईने माझी बॅग भरून दाराशी आणून ठेवली. म्हणाली, काही दिवस बाहेर राहा, लोक विसरतील. लोक विसरले की नाही ठाऊक नाही. मी नाही विसरले.

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तू धरलेच आहेस तर हे गाढव लाथ मारणार नाही.

बाबांनी पेट्यांत ताल धरायला घातलेले क्रिस्टल जुन्या रेडिओंतून काढलेले होते, हे तरी लक्षात आहे का? त्यामुळे आपली कुठलीच पेटी सहाशे, बाराशे असल्या शहाण्या वेगाने बोलत नाही. प्रत्येकीचा वेग निराळा आणि अधलामधला. आणि ते मोडेम इतके जुने की वेगाचं त्यांना सोयरसुतक नाही, इकडे जसं येईल तसं तिकडे ढकलतात. म्हणून बाबांचा नियम होता, आधी हाक, मग बोलणं. पेटी चालू झाली की पहिलं अर्धं मिनिट एकच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवते. ते अक्षर असं की तारेवर शून्य, एक, शून्य, एक असं आळीपाळीने जातं आणि सगळे ठोके सारख्या रुंदीचे पडतात. ऐकणारं यंत्र एक ठोका मोजतं, वेग ओळखतं, त्या वेगावर स्वतःला बसवतं. मग पेटीने काहीही बोलावं, समोरच्याला कळतं.

तर माळ्यावरून बाबांचा ऑसिलोस्कोप काढ, तारेवरचे ठोके पडद्यावर रेषेत दाखवतो तो. पेटी बंद करून चालू कर, हाक पकड आणि एका ठोक्याला किती वेळ लागतो ते बघ. एका सेकंदात तसे जितके ठोके बसतील तो तुझा वेग. पाचवीतलं गणित आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू फार गोड बोलतोस. जे असेल ते कागदावर लिही.

पेटी तपासणारी


१५ मार्च

प्रिय ताईसाहेब (आता हे तरी चालेल ना?),

तुझा राग मी समजू शकतो. त्या दिवशी काका अंगावर धावून आले होते, तोंडाला येईल ते बोललो. तूही एखादी गोष्ट विसरू शकतेस, माणूस आहेस. जाऊ दे.

ऑसिलोस्कोपची जरा गंमतच झाली. माळा आवरताना मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. मला वाटलं जुना टीव्ही आहे. आईने मला दोन दिवस धारेवर धरलं. म्हणून टेक्निकल कॉलेजातल्या एका मास्तरांचा मागून आणला. त्यांनीच जोडून दिला, कोणतं बटण पिळायचं तेही दाखवलं.

पण हाक काही दिसत नाही. पेटी चालू केली रे केली की थेट आकडे पाठवायला लागते. रेषा उड्या मारतात, कधी रुंद, कधी अरुंद, त्यात मोजणार काय? चारही टाक्यांच्या पेट्या बघितल्या, सगळ्यांचं तेच. मोडेम हाक खात असेल का? फार जुने झालेत. की थंडीने काही होत असेल?

लवकर लिही. कंपनीच्या त्या बाईचं दुसरं पत्र आलंय. बाई नव्हे, काळ आहे.

तुझा,
दादा


२० मार्च

दादा,

मोडेम हाक खात नाही. थंडीनेही ती आक्रसत नाही. हाक म्हणजे काही तुझे केस नव्हेत, आपोआप गळायला. पेटीच्या चिपमधल्या प्रोग्रामात ती लिहिलेली असते. लिहिलेली असेल तर येते. येत नसेल तर कोणीतरी ती चिप बदललेली आहे.

आता नीट वाच, कारण मी पुन्हा सांगणार नाही. पेटीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक क्रिस्टल, दुसरा प्रोग्रामातला भाजक, म्हणजे क्रिस्टलच्या तालाला ज्याने भागायचं तो आकडा. क्रिस्टल सगळे मला पाठ आहेत. भाजक मात्र प्रोग्राम कोणी लिहिला त्यावर आहे. माझा असेल तर एक उत्तर, दुसऱ्या कोणाचा असेल तर दुसरं. म्हणून मला पुढचं सगळं हवं. हाक कोणी काढली, कोणाकडून काढून घेतली, का काढली, कुठल्या पेटीपासून सुरुवात केली आणि ती पेटी तेव्हा कुठे होती. पहिल्या पेटीचं खास लिही, कारण पुढच्या सगळ्या तिच्यावरूनच उतरवल्या असणार.

मीच विसरले असं लिहायचं असेल तर खुशाल लिही. मी माझ्या भाजकाने गणित करून तुला वेग कळवीन, तू तो कंपनीच्या बाईला कळव आणि पडद्यावर पुन्हा चौकोन बघत बस. मला फसवता येईल, तशी मी एकदा फसलेलीच आहे. पेटीला फसवता येत नाही.

मला घाई नाही. इथे माझी खोली एका प्रेसच्या वर आहे, दिवसभर फरशी थरथरते, पण उजेड चांगला येतो. पत्र वाचायला बरं पडतं.

पेटी तपासणारी


२६ मार्च

तुला काय ऐकायचं आहे ते मला कळतंय. मी एवढा बावळट नाही. चार दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. पण कंपनीने आता साहेबांनाच कळवलंय की पेट्या बनवणारे उत्तर देत नाहीत. साहेबांनी मला बोलावून, उभं करून विचारलं. तेव्हा घे.

हाक मी काढली.

डेअरीच्या साहेबांना पहिल्यांदा पेटी दाखवायला घेऊन गेलो होतो. चालू केली आणि अर्धं मिनिट काहीच नाही, नुसतं ते एक अक्षर. साहेब घड्याळ बघायला लागले. मग हसले, म्हणाले, "तुमचं यंत्र घसा खाकरतंय का?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला सांगितलं असतं तर तू बाबांचा नियम ऐकवला असतास. म्हणून ओळखीच्या एका प्रोग्रामवाल्याकडून तेवढा भाग काढून घेतला. बाकी प्रोग्राम तुझाच आहे. भाजकाला हात लावलेला नाही. ऐकणाऱ्या यंत्रात त्या त्या पेटीचा वेग तोच हाताने बसवून द्यायचा. पेटी चटकन बोलायची, गिऱ्हाईक खूश.

पहिली पेटी फळवाल्या काकांची. तू तपासून आत सही केलीस आणि घरी गेलीस, त्यानंतर मी चिप बदलली. तू घातलेली हाक त्या पेटीत होती. पुढे वीज गेली तेव्हा त्यांचं यंत्र हाताने बसवलेला वेग विसरलं. हाक असती तर त्याने तो पुन्हा ओळखला असता. नव्हती. बस्स.

झालं समाधान? पण मग पुढचंही ऐक. एकट्या मलाच सुळावर चढवू नकोस. कोल्ड स्टोरेजचा फोन आला तेव्हा मी आधी आईकडे गेलो. तिच्या पायाशी बसून पोरासारखा रडलो आणि तिला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाली, "धाकटीचं नाव सांग. तिच्या हातात कला आहे, ती कुठेही जाऊन चार घास कमवेल. तू पडलास तर उठायचा नाहीस." मी नको म्हणालो होतो. एकदाच म्हणालो, पण म्हणालो होतो.

आता वेग सांग.


३० मार्च

दादा,

तुझं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. पहिलं पान वाचताना मला इतका आनंद झाला की प्रेसमधला माणूस म्हणाला, काय, लॉटरी लागली का? मग मी पान उलटलं.

मला पहिलंच पान हवं होतं. दुसरं मी मागितलं नव्हतं. तुझी कबुली मी आईला पाठवणार होते. इतकी वर्षं मी मनात एकच गोष्ट बघत आले, की आई खिडकीशी बसून ते वाचते आहे आणि वाचून झाल्यावर तिला तोंड लपवायला जागा उरलेली नाही. मग ती मला घरी बोलावणार आणि मी जाणार नाही, असंही ठरवलं होतं. म्हणजे आधी नाही म्हणणार, मग जाणार. तू तेही ठेवलं नाहीस. तिला आधीपासून माहीत होतं.

असो. आता तुझ्या वेगाचं. टाकी एकची पेटी नऊशे चाळीसने बोलते. बाकी तिघींचे वेगही माझ्याकडे आहेत, तुला पहिलं पत्र लिहायच्या आधीपासून आहेत. भाजकाचं मी जे लिहिलं ती निव्वळ थाप होती. वेग ओळखायला हाक लागते ती यंत्राला. माणसाने साध्या बोलण्यातला सगळ्यात अरुंद ठोका शोधला तरी पुरतं, कारण रुंद दिसतात ते एकाला एक चिकटलेले ठोके, सुट्या ठोक्याहून अरुंद काही असूच शकत नाही. रेषा कधी रुंद कधी अरुंद उडतात असं तूच लिहिलं होतंस. उत्तर तुझ्या डोळ्यांसमोर नाचत होतं. बाबांनी तुला हे शिकवायला जीव टाकला होता.

आणि तुला रीतसर पत्र पाठवणारी ती बाई मी आहे, दादा. डेअरीचं नवं यंत्र माझ्या कंपनीने बसवलं, माझ्या हातांनी. मला तुझ्या उत्तराची गरज नव्हती. तू उत्तर शोधायला कोणाकडे येशील हे मला ठाऊक होतं. खाली माझी सही होती. तीच सही तुझ्या प्रत्येक पेटीच्या झाकणाआड आहे, वर्षानुवर्षं आहे, आणि तुला ती वाचता आली नाही.

सोमवारी सकाळी डेअरीत ये. साहेब असतील, फळवाले काका असतील, मी बोलावलंय. आईला घेऊन ये. दारात सगळ्यांसमोर जे बोललं गेलं ते सगळ्यांसमोरच परत घेतलं जाईल, आणि ते तू नाही, आई घेईल. तिने नाही म्हटलं तर मी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवीन, दोन्ही पानं.

सही ओळखशील


२ एप्रिल

मुली,

तुझं पत्र त्याने मला वाचून दाखवलं. त्याला धमक्या देऊ नकोस, जे असेल ते मला लिही. मी अजून जिवंत आहे.

त्याने तुला लिहिलं ते खरं आहे. मी सांगितलं तसं. तुझी चूक नव्हती हे मला माहीत होतं. एकाला धरायचं आणि एकाला सोडायचं अशी वेळ आली, मी बुडणाऱ्याला धरलं. पोहता येणारीला सोडलं. तू पोहलीस ना? आज त्याच डेअरीत साहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतेस. तो अजून माझ्याकडे बघून जेवतो.

माफी मागणार नाही. बॅग भरताना तुझा निळा स्वेटर मी तळाशी ठेवला होता, वर ठेवला असता तर तू तिथेच काढून फेकला असतास. तेवढं मला तुझं कळतं.

सोमवारी येते. तू म्हणशील ते म्हणते. लोकांची मला भीती नाही, या वयात कसली भीती? पण तुला खोटं वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेवते, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

आई


९ एप्रिल

आई,

तू आलीस. लोखंडी खुर्चीवर बसलीस, पर्स मांडीवर घट्ट धरून. साहेब पाणी देत होते ते घेतलं नाहीस. आणि कोणी विचारायच्या आतच म्हणालीस, "माझ्या मुलीने हाक घातली होती. माझ्या मुलाने काढली. मला ठाऊक होतं, तरी तिचं नाव मी घ्यायला लावलं." आवाज जरासुद्धा हलला नाही. काका मला एवढंच म्हणाले, "पोरी, तुझ्याकडून एक पेटी करून घ्यायची आहे." दादा स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एवढा आनंद मला या सगळ्या वर्षांत झाला नव्हता.

मग मी चारही पेट्यांत माझ्या चिपा परत बसवल्या. पहिली चालू केली आणि मोडेमच्या छोट्या स्पीकरमधून ती एकसुरी हाक यायला लागली. अर्धं मिनिट सगळे उभे होते. या वेळी साहेब हसले नाहीत. हाक संपली आणि पडद्यावर टाकीचं तापमान उमटलं, स्वच्छ, एकही चौकोन नाही.

साहेबांनी मला नंतर विचारलं, पेट्यांची देखभाल भावाकडेच ठेवू का? माझ्या एका शब्दावर होतं. मी म्हणाले, नको. दादाने तुला हे सांगितलं नसेल तर मी सांगते. वर्कशॉप आता त्याचं त्याने बघावं. तू म्हणतेस तो उठायचा नाही. उठेल किंवा नाही उठणार.

निघताना तू दाराशी थांबलीस. मी वायर गुंडाळत होते. तू काहीतरी म्हणशील असं मला वाटलं, आणि तुला वाटलं असेल की मी म्हणीन. मी मान वर केली नाही. तुझी चप्पल जिना उतरेपर्यंत ऐकत होते, गुडघ्यामुळे एक पाऊल जड पडतं. मग तीच वायर सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली.

निळा स्वेटर अजून आहे. घालत नाही, पण फेकलाही नाही.

तू लिहिलंस, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करशील. मला खोटं वाटलं नाही. माझ्यावरही पुन्हा अशी वेळ आली, तर मीही पुन्हा हेच करीन.

तुझीच मुलगी